रग्बीचा ब्रेकडाऊन बॅगेवरून गेममध्ये कसा आला

टॅकल होऊन प्लेअर खाली पडला की बॉलवरून पुढचे दोन-तीन सेकंद जी झोंबाझोंबी चालते तो ब्रेकडाऊन. पूर्वी हे शिकवायचं म्हणजे ओळ लावायची, शिट्टी वाजली की एकेकाने जाऊन टॅकल बॅगेला (गादीसारख्या भरीव पिशवीला) धडक द्यायची. पण बॅग काय बॉल चोरत नाही, त्यामुळे पोरं वाकायला शिकली, घुसायचं की थांबायचं हे शिकलीच नाहीत.

बॅगेऐवजी गेममधून शिकवायची मूळ आयडिया रग्बीवाल्यांची नाहीच. इंग्लंडमधल्या लफबरो युनिव्हर्सिटीच्या डेव्हिड बंकर आणि रॉड थॉर्प यांनी १९८२ मध्ये मांडलं की आधी छोटा गेम खेळवा, पोरं अडली की मग टेक्निक दाखवा. ९० च्या दशकात हेच ऑस्ट्रेलियात 'गेम सेन्स' म्हणून रुजलं, आणि न्यूझीलंडचे कोच वेन स्मिथ तर याचे पक्के भक्त.

त्यात १९९५ ला रग्बी प्रोफेशनल झाली. आधी अख्खी फॉरवर्ड्सची (पुढच्या दणकट प्लेअर्सची) फौज रकमध्ये (खाली पडलेल्या बॉलवर दोन्ही टीमचे उभे प्लेअर भिडतात ती झटापट) घुसायची, आता डिफेन्सवाले एखाद-दुसरा पाठवतात, बाकीचे लाइनीत पसरतात. म्हणजे दर टॅकलला प्रत्येकाला ठरवावं लागतं, जाऊ का नको? (कबड्डीत साखळीतल्या पोराला हेच करावं लागतं की, रेडर आत आला की.)

२०१७ ला लंडनच्या ट्विकनम स्टेडियमवर इंग्लंड-इटली मॅचमध्ये तर कमालच झाली. इटलीने टॅकलनंतर रकमध्ये माणूसच पाठवला नाही, रक नाही म्हणजे ऑफसाइड लाइन (जिच्या पुढे उभं राहायचं नसतं ती रेघ) नाही, मग त्यांचे प्लेअर बिनधास्त इंग्लंडच्या बाजूला जाऊन उभे. इंग्लंडचा जेम्स हॅस्केल रेफ्री रोमँ प्वातला विचारतोय आता करू काय, तो म्हणाला मी रेफ्री आहे, कोच नाही! हाफटाइमला इटली १०-५ ने पुढे. शेवटी इंग्लंड ३६-१५ ने जिंकलं, पण त्याच वर्षी नियम बदलला.

असलं काही बॅगेवर घोटून येत नाही. म्हणून दहा मीटरचा चौकोन आखायचा, चार विरुद्ध चार, बॉल तीन सेकंदांत बाहेर काढला तर एक पॉइंट, डिफेन्सने चोरला तर दोन. दोन पॉइंट ठेवले की सगळेच चोरायला धावतात आणि बाजू मोकळी पडते, मग कोचला ओरडावं लागत नाही, पुढच्या वेळी आपणच थांबतात.

२०२१ मध्ये वर्ल्ड रग्बीने फुल कॉन्टॅक्ट प्रॅक्टिस आठवड्याला जास्तीत जास्त १५ मिनिटं ठेवा असं सांगितलं, त्यामुळे आता बऱ्याचदा पाडापाडी न करता नुसतं कमरेला धरून हेच गेम खेळतात.