निसटणाऱ्या पेल्याचं विज्ञान

माझी दीड वर्षाची भाची पसरट भांड्यातल्या चार बोटं पाण्याशी खेळत होती. हातात कागदी पेला. तिने तो पाण्यात बुडवला, चिमटीत धरला आणि उचलायच्या ऐवजी आधी खाली दाबला. मग इतका आवळला की पेला चेपला आणि पाणी तिच्याच तोंडावर उडालं. दुसऱ्यांदा पकड सैल पडली, पेला निसटला. तिसऱ्यांदा पुन्हा चेपला. "पुरे गं, किती सांडशील!" म्हणत आजी फडकं घेऊन आली. त्याच संध्याकाळी तिच्या आईने मला मोबाइलवर एक जाहिरात दाखवली. बुद्ध्यांक वाढवणारा 'सेन्सरी प्ले'चा, म्हणजे ज्ञानेंद्रियांना चालना देणाऱ्या खेळाचा संच होता तो. घेऊ का, असं विचारत होती. मी म्हटलं, सकाळी तुझी लेक जे करत होती ते नीट समजून घेतलंस तर हा प्रश्न तुला पडणारच नाही.

चिमटीत वस्तू उचलताना दोन बलं एकाच वेळी सांभाळावी लागतात. एक वस्तूला वर नेणारं, दुसरं तिला दोन्ही बाजूंनी दाबणारं. घर्षण या दुसऱ्या बलावर अवलंबून असतं, हे शाळेत शिकलो आहोत. पाण्यासकट पेला 200 ग्रॅमचा धरला तर त्याचं वजन साधारण 2 न्यूटन. अंगठा आणि तर्जनी मिळून ते पेलतात, म्हणजे प्रत्येकी 1 न्यूटन. घर्षणांक, म्हणजे दोन पृष्ठभाग एकमेकांना किती धरून ठेवतात त्याचा आकडा, 0.5 असेल तर प्रत्येक बोटाने निदान 2 न्यूटनने दाबायला हवं. बोटांना साबण लागून घर्षणांक 0.2 वर आला, की तोच पेला धरायला 5 न्यूटन लागतात. त्याहून कमी दाबलं तर पेला निसटतो आणि फार जास्त दाबलं तर कागद चेपतो. या दोन्हींच्या मधल्या अरुंद पट्ट्यात आपली बोटं दिवसभर वावरतात आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो.

हे कसं जमतं, याचा माग स्वीडनमधल्या उमिओ विद्यापीठात रोलांड योहानसन आणि गोरान वेस्टलिंग यांनी घेतला. 1984 साली त्यांनी दाखवलं, की मोठ्या माणसाची पकड निसटण्याच्या सीमेच्या किंचितच वर असते. पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर ती आपोआप घट्ट होते, खरखरीत असेल तर सैलावते. वस्तू जराशी जरी सरकली, तरी सुमारे 70 मिलिसेकंदांत पकड वाढते. 'अरे, पडतंय' हा विचार मनात उमटण्याआधीच बोटांनी काम केलेलं असतं. मात्र इंजेक्शन देऊन बोटं बधिर केली, की हे जुळवून घेणं बंद पडतं. स्नायू धडधाकट असूनही हात अडाणी होतो.

मग बोटाला सरकणं कळतं कसं? बोटाच्या पेरावर ज्या रेषा दिसतात, त्यांच्या आत, बाह्यत्वचेला अगदी खेटून माइस्नर कणिका असतात. चपट्या पेशींची चवड आणि तिच्यातून वळणं घेत गेलेलं चेतातंतूचं टोक, अशी त्यांची रचना असते. वस्तू निसटते तेव्हा ती एकदम निसटत नाही. आधी बोट आणि वस्तू टेकलेल्या भागाची कड सरकते, मधला भाग अजून धरून असतो. कडेची त्वचा ताणली जाते, थरथरते आणि तिथल्या कणिका संदेश सोडतात. म्हणजे पडण्याची सूचना पडण्याच्या आधी मिळते! मला या सगळ्या गोष्टीत सर्वांत थक्क करणारी बाब हीच वाटते.

आणखी एक पायरी खाली उतरू. चेतातंतूच्या टोकाच्या पेशीपटलात पिएझो-2 नावाचं प्रथिन असतं. पंख्यासारखी तीन पाती आणि मधोमध एक बंद भोक. एरवी ही पाती पटलाला वाटीसारखा खोलगट आकार देऊन असतात. त्वचा ताणली की पटल ताणतं, वाटी सपाट होते आणि भोक उघडतं. सोडियम आणि कॅल्शियमचे धनभारित आयन आत घुसतात, पेशीचा विद्युतभार बदलतो आणि संदेश निघतो. यांत्रिक ताणाची वीज होते ती इथे. हे प्रथिन 2010 साली सापडलं आणि त्या शोधासाठी आर्डेम पाटापुटियन यांना 2021 च्या नोबेल पुरस्काराचा अर्धा वाटा मिळाला. ज्यांच्यात जन्मतः हे प्रथिन नीट तयार होत नाही, अशी मोजकी माणसं आहेत. डोळे मिटले की आपला हात कुठे आहे तेच त्यांना कळत नाही.

बोटांच्या या खऱ्या करामतीपुढे 'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन'च्या, म्हणजे मुलांचा मधला मेंदू जागा करून देतो म्हणणाऱ्या वर्गांचा दावा ठेवून पाहा. डोळ्यांवर पट्टी बांधलेली मुलं म्हणे नुसत्या स्पर्शाने रंग ओळखतात आणि छापील मजकूर वाचतात. बोटाला दाब, ताण, कंप, ऊन-गार कळतं. रंग पाहून त्याची खबर मेंदूला देणारी यंत्रणा बोटांत नाही. मूल नाकाशेजारच्या फटीतून बघत असतं. पट्टीऐवजी पुस्तकावर खोकं ठेवा आणि आत फक्त हात घालू द्या, शक्ती नाहीशी होते. लहान मुलांना पैसे घेऊन खोटं बोलायला शिकवणाऱ्या या प्रकाराची मला मनापासून चीड आहे.

तर पुन्हा पेल्याकडे. स्टॉकहोममधल्या हान्स फोर्सबर्ग यांच्या गटाने 1991 साली लहान मुलांची पकड मोजली. मोठी माणसं आवळणं आणि उचलणं एकाच वेळी, एका लयीत करतात. लहानगी आधी वस्तू खाली दाबतात, मग गरजेपेक्षा बरंच जास्त आवळतात आणि नंतर उचलतात. भाचीने केलं ते नेमकं हेच. दुसऱ्या वर्षात ही दोन्ही बलं हळूहळू एकत्र यायला लागतात, पण मोठ्यांसारखी सफाई यायला पुढची कैक वर्षं जातात. हातात घेण्याआधीच वजनाचा अंदाज बांधणं ही आणखी एक गोष्ट, तीही हळूहळूच येते. हा अंदाज तोंडी सांगून येत नाही. अंदाज चुकतो, पेला पडतो, मेंदू पुढच्या खेपेचा आकडा सुधारतो.

म्हणून माझ्या मते संचापेक्षा वस्तूंमधला फरक महत्त्वाचा. जड-हलकं, ओलं-कोरडं, लवचीक-टणक, खरखरीत-गुळगुळीत. पडद्यावरचा दगड आणि पडद्यावरचं पीस बोटाला सारखंच लागतं, कारण दोन्हीकडे काचच असते. शिवाय मूल वस्तू नुसती धरत नाही. पोत कळायला ती घासतं, कठीणपणा कळायला दाबतं, वजन कळायला तळहातावर झेलतं, आकार कळायला मुठीत घेतं. सुझन लेडरमन आणि रॉबर्टा क्लॅट्स्की यांनी 1987 साली मोठ्यांच्या हातांच्या अशा ठरावीक हालचाली नोंदवल्या होत्या. मूल काहीतरी घासत बसलं असेल तर हात धरून 'असं नाही, असं' करायची घाई करू नका.

एका बाबतीत मात्र सवलत नाही. पाण्याशी खेळ चालू असताना शेजारून उठायचं नाही, दाराची बेल वाजली तरी नाही. काही सेंटिमीटर पाण्यातही लहान मूल बुडू शकतं. खेळ संपला की पाणी लगेच ओतून टाका. तोंडात मावेल अशी बारीक वस्तू, बटणासारखी बॅटरी, सुटी चुंबकं जवळपासही नकोत. पाण्यात फुगणारे रंगीत मणी 'सेन्सरी' म्हणून विकले जातात, ते तर घरातच आणू नका. गिळला गेलेला मणी पोटात फुगतो आणि आतडं अडवू शकतो.

घरी करून बघण्याजोगी एक गोष्ट सांगतो. आतलं दिसणार नाही अशा दोन सारख्या बाटल्या घ्या. एक पाण्याने भरा, एक रिकामी ठेवा, झाकणं घट्ट लावा. भरलेली बाटली मुलाला चार-पाच वेळा उचलू द्या, मग गुपचूप रिकामी ठेवा. हात झटक्याने वर गेला, तर वजनाचा अंदाज त्याने आधीच बांधलेला होता. तसं काही झालं नाही, तर बाटल्या महिना-दोन महिन्यांनी पुन्हा काढा. भाचीचा हात परवा पहिल्यांदा वर गेला. ती आधी बाटलीकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिली.