खरी किल्ली ओळखणारी गाडी, आणि जुन्या ओम्नीला स्वतः बसवायचा इमोबिलायझर

अलीकडच्या मोटारीची साधी डुप्लिकेट किल्ली करून आणली की दार उघडतं, स्टिअरिंगचं लॉकही सुटतं, पण इंजिन धरत नाही. किल्लीवाल्याने घासण्यात काही चूक केलेली नसते. किल्लीचे दाते जुळलेले असतात, आतली चिप जुळत नाही. खरी चिप ओळखल्याशिवाय इंजिन चालू होऊ न देणाऱ्या या बंदोबस्ताला इमोबिलायझर म्हणतात.

मूळ किल्लीच्या प्लॅस्टिकच्या मुठीत सेंटीमीटरभर लांबीची एक काचेची नळी किंवा काळा ठोकळा असतो. हा ट्रान्सपॉन्डर. त्याला स्वतःचा सेल नसतो. किल्ली घालतो त्या भोकाभोवती प्लॅस्टिकच्या कड्यात तांब्याच्या बारीक तारेची कॉइल बसवलेली असते. किल्ली फिरवली की त्या कॉइलमध्ये साधारण १२५ किलोहर्ट्झची वीज खेळते आणि तिच्या चुंबकीय क्षेत्रामुळे चिपमधल्या इवल्याशा कॉइलमध्येही वीज तयार होते. तत्त्व ट्रान्सफॉर्मरचंच, फक्त दोन गुंडाळ्यांमध्ये लोखंडाऐवजी हवा. अंतर चार-दोन सेंटीमीटरपेक्षा वाढलं की हा पुरवठा तुटतो. म्हणूनच रिमोटचा सेल संपला तरी किल्लीने गाडी चालू होते, आणि दोन चिपवाल्या किल्ल्या एकाच कडीत अडकवल्या तर कधीकधी होत नाही. दोन्ही चिपा एकदम बोलायला लागतात.

आता ओळख कशी पटते? सुरुवातीच्या पद्धतीत चिप नेहमी एकच ठरलेला आकडा सांगायची. तो एकदा कुणी टिपला की संपलं. पुढच्या पद्धतीत इंजिनचा कंप्युटर, म्हणजे ईसीयू, दर वेळी एक नवा आकडा फेकतो. चिप तो आपल्या गुप्त आकड्यात मिसळून उत्तर देते. ईसीयू तेच गणित स्वतःही करतो आणि उत्तर जुळलं तरच इंजेक्टर (इंधन फवारणारा भाग) आणि स्पार्क सोडतो. गुप्त आकडा स्वतः कधीच हवेतून जात नाही, म्हणून चोरून ऐकणाऱ्याला आजचं उत्तर उद्या उपयोगी पडत नाही. मात्र तो आकडा पुरेसा लांब हवा. एका जुन्या चिपमध्ये तो ४० बिटांचा होता, म्हणजे सुमारे १ लाख १० हजार कोटी शक्यता. माणसाला हे अफाट वाटतं, कंप्युटरला नाही. २००५ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या आणि आरएसए लॅबोरेटरीजच्या संशोधकांनी ती चिप फोडून दाखवली. युरोपियन संघाने नव्या मोटारींना इमोबिलायझर १९९८ पासून सक्तीचा केला. मारुती आपल्या पद्धतीला आयकॅट्स म्हणते.

तुमच्या गाडीत तो आहे का, हे आधी बघा. इग्निशन ऑन केल्यावर डॅशबोर्डवर किल्लीचं किंवा कुलपाचं चित्र असलेला दिवा क्षणभर लागत असेल, तर आहे. अशा गाडीच्या वायरिंगला घरी हात लावू नका. वॉरंटी धोक्यात येते आणि एअरबॅगच्या पिवळ्या आवरणातल्या वायरींशी गाठ पडू शकते. पण बेळगाव, खानापूर, निपाणी भागात भाजी, दूध, शाळेची मुलं वाहणाऱ्या जुन्या ओम्नी आणि ८०० अजून भरपूर आहेत, ज्यांच्या किल्लीत नुसता धातू आहे. त्यांना एका रिलेने बरंच संरक्षण देता येतं. रिले म्हणजे थोड्या विजेने चालणारा स्विच. एखादी वायर तोडून तो मध्ये बसवला की त्याला वीज मिळेपर्यंत ती वायर तुटलेलीच राहते.

कोणती वायर तोडायची, हा खरा प्रश्न. पेट्रोल पंपाची किंवा इग्निशन कॉइलची तोडली तर गाडी ढकलूनही चालू होत नाही, हे बरोबर. पण तो रिले चालत्या गाडीत बिघडला तर इंजिन तिथेच बंद पडतं. चोर्ल्याच्या घाटात वळणावर असं झालं तर? घरी बसवताना स्टार्टरची, म्हणजे इंजिनला पहिली फिरकी देणाऱ्या मोटरची वायरच निवडावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. रिले बिघडला तर गाडी फार तर दारात उभी राहील, धावता धावता मरणार नाही. ढकलून चालू करण्याची पळवाट उरते, ती स्टिअरिंगच्या लॉकने आणि बाहेरून लावायच्या रॉडने बुजवा.

साहित्य असं: १२ व्होल्ट, ४० अँपियरचा चार पायांचा रिले आणि त्याचा सॉकेट, ३ अँपियरचा फ्यूज होल्डरसह, १ एन ४००७ डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा), एक रीड स्विच (चुंबक जवळ आलं की जुळणारा), एक छोटं निओडायमियम चुंबक, ०.७५ चौरस मिलिमीटरची ३ मीटर वायर, आणि स्टार्टरच्या मूळ वायरएवढी किंवा तिच्याहून जाड अशी मीटरभर वायर. सोबत लग (वायरीच्या टोकाला दाबून बसवायची धातूची कडी), हीटश्रिंक (तापवली की आवळणारी नळी) आणि मल्टिमीटर. बेळगावच्या ऑटोनगरात हे सगळं एका फेरीत मिळावं.

स्टिअरिंगखाली इग्निशन स्विचच्या जुडग्यात, किल्ली फक्त ‘स्टार्ट’ला असतानाच १२ व्होल्ट दाखवणारी वायर मल्टिमीटरने शोधा. रंगावर विश्वास ठेवू नका, जुन्या गाडीत तीन मेकॅनिकांनी तीन रंग जोडलेले असतात. वायर सापडली की बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा आणि मगच ती कापा. रिलेच्या प्रत्येक पायाला नंबर असतो. स्विचकडचं टोक ३० नंबरला, स्टार्टरकडचं ८७ ला. ८६ नंबरला फ्यूजमधून इग्निशनचा पॉझिटिव्ह द्या. ८५ ची वायर रीड स्विचमधून बॉडीला अर्थ करा. तिथला रंग खरवडून लग बोल्टखाली घट्ट आवळा. डायोड ८५ आणि ८६ च्या मध्ये, पट्टीचं टोक ८६ कडे. रिले सुटताना त्याची कॉइल उलटा झटका मारते. डायोड तो गिळतो, नाहीतर रीड स्विचचे नाजूक काटे चिकटतात. डायोड उलटा लागला तर चुंबक धरताच फ्यूज उडेल.

रीड स्विच का? स्टार्टरला वीज दोन-तीन सेकंदच लागते. डॅशबोर्डच्या प्लॅस्टिकमागे स्विच चिकटवा, बाहेरून त्या जागी चुंबक धरा आणि किल्ली फिरवा. चुंबक काढलं की गाडी आपोआप पुन्हा बंदोबस्तात जाते, स्विच बंद करायला विसरण्याचा प्रश्नच नाही. सेंटीमीटरभर प्लॅस्टिकमधून हे काम करतं, पत्र्यामागे करत नाही. स्पीकरजवळ लावू नका, त्याचं चुंबक रीड स्विच कायमचा चालू ठेवू शकतं. तुमचं चुंबक किल्लीच्या जुडग्यात अडकवू नका, नाहीतर किल्लीबरोबर तेही चोराच्या हाती लागेल.

बहुतेकांची चूक ८६ च्या वायरीत होते. पॉझिटिव्ह रेडिओच्या म्हणजे ॲक्सेसरीच्या वायरीवरून घेतला, तर स्टार्ट मारताना तोच पुरवठा तुटतो, रिले सुटतो आणि स्टार्टर कधीच फिरत नाही. ‘ऑन’ आणि ‘स्टार्ट’ दोन्हीकडे जिवंत राहणारी वायर हवी. थेट बॅटरीवरूनही घेऊ नका. रिलेची कॉइल साधारण ०.१५ अँपियर खाते, दिवसाला ३.६ अँपियर-तास. काटे चिकटून राहिले तर ३५ अँपियर-तासांची बॅटरी पाच दिवसांत अर्धी होते. रिले टकटक वाजत असेल तर बॅटरी थकली आहे किंवा अर्थ कच्चा आहे. स्टार्ट मारताना ३० आणि ८७ च्या मध्ये अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर जोड पुन्हा करा.

खानापूर-जांबोटीकडचा पाऊस आणि शेतातले उंदीर, दोघेही वायरिंगचे वैरी. रिले बॉनेटमध्ये नको, केबिनमध्ये उंचावर लावा, पाय खाली करून. वायरी खालून वर चढतील अशा ठेवा, म्हणजे पाणी वळणावरच गळून पडतं. वरून कोरुगेटेड पाइप चढवा.

चिकोडी-अथणीकडे ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरलाही हीच जोडणी चालते, पण तिची मर्यादा ओळखा. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या डिझेल इंजिनला एकदा फिरलं की विजेची गरज नसते. उतारावर उभा केलेला ट्रॅक्टर न्यूट्रल करून लोटला, दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला, की तो रिलेला न विचारता चालू होतो. तो सपाटीवर, गिअरमध्ये ठेवा आणि मागच्या चाकातून साखळी ओवून कुलूप घाला.