दिवस-रात्र

दिवस-रात्र : पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्यामुळे तिच्या पृष्ठभागावर आळीपाळीने येणारा उजेड आणि काळोख. मराठीत ‘दिवस’ हा शब्द दुहेरी कामाला लावलेला आहे. सूर्य वर असतो तेवढा वेळही दिवस आणि चोवीस तासांचा पुरा फेराही दिवसच. पंचांगात हा घोळ नाही. तिथे फेऱ्याला अहोरात्र म्हणतात. त्याच्या ६० घटका, घटका २४ मिनिटांची आणि वार बदलतो तो सूर्योदयाला.

सूर्याच्या उजेडात एका वेळी पृथ्वीचा साधारण अर्धाच भाग असतो. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून सूर्य पूर्वेला उगवताना दिसतो. विषुववृत्तावर हा वेग ताशी सुमारे १६७० किमी, १९.२° उत्तर अक्षांशावरच्या ठाण्यात ताशी सुमारे १५८० किमी. तो जाणवत नाही, कारण आपण, इमारती, हवा सगळेच एका गतीने चाललेलो असतो. ठाणे स्टेशनात लोकल अलगद सुटली की क्षणभर शेजारची उभी गाडीच मागे निघाल्यासारखी वाटते, तसेच हे. आर्यभटाने पाचव्या शतकाच्या अखेरीस नावेचा दाखला दिला होता : नावेतल्या माणसाला काठ मागे जाताना दिसतो, तसे स्थिर तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात. पुढे गणिती ब्रह्मगुप्ताला हे पटले नाही. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ फुकोने १८५१ मध्ये पॅरिसला लांब लंबक टांगून पृथ्वीचे फिरणे डोळ्यांना दाखवले.

स्वतःभोवती फिरणे ते परिवलन, सूर्याभोवती फिरणे ते परिभ्रमण. परीक्षेत या दोन शब्दांची अदलाबदल हमखास होते. दिवस-रात्र होते ती परिवलनाने. पण ती लहानमोठी होते ती पृथ्वीची आस, म्हणजे ती जिच्याभोवती फिरते ती काल्पनिक रेषा, २३.४° कललेली असल्यामुळे, आणि तो कल कायम ठेवून पृथ्वी सूर्याभोवती जाते म्हणून. ठाण्यात २१ जूनच्या सुमारास दिवस सव्वातेरा तासांचा असतो, २२ डिसेंबरच्या सुमारास अकरा तासांचा.

डिसेंबरनंतर दिवस मोठा होतो हे खरे, पण सकाळच्या शाळेची बस पकडणाऱ्या मुलांना ते सांगून पहा. ठाण्यात सूर्योदय जानेवारीच्या मध्यापर्यंत उशिराच होत जातो आणि सव्वासातपर्यंत पोहोचतो. उलट सर्वांत लवकरचा सूर्यास्त नोव्हेंबरच्या अखेरीसच, सहाच्या ठोक्याला, होऊन गेलेला असतो. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि आस कललेली, त्यामुळे सूर्याची माध्यान्ह वर्षभर मागेपुढे सरकते, त्याचा हा परिणाम.

घड्याळाचा हिशोब आणखी वेगळा. भारतीय प्रमाणवेळ ८२.५° पूर्व रेखांशाची, ठाणे ७३° च्या जवळ. एका अंशाला चार मिनिटे धरली तर सूर्य इथे सरासरी ३८ मिनिटे उशिरा डोक्याशी येतो. फेब्रुवारीच्या मध्यात गच्चीवर काठी उभी करावी : बाराला सावली अजून पश्चिमेकडे कललेली असते, ती सर्वांत आखूड होते ते पावणेएकनंतर. जवळच्या मुंबईने ग्रिनिचपेक्षा ४ तास ५१ मिनिटे पुढची आपली ‘बॉम्बे टाइम’ ही वेळ, भारतीय प्रमाणवेळ लागू झाल्यावरही, म्हणजे १९०६ नंतरही, १९५५ पर्यंत जपली. त्यात निव्वळ हट्ट नव्हता, सूर्य तिच्या बाजूने होता.

सूर्योदय-सूर्यास्ताच्या छापील वेळाही सपाट क्षितिज धरून काढलेल्या असतात. पारसिकचा डोंगर पूर्वेला असल्याने नवी मुंबईतल्या ऐरोली-घणसोलीत सूर्य उशिरा वर येतो. ठाण्याच्या पश्चिमेकडल्या येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी तो लवकर डोंगराआड जातो. मावळल्यानंतर मात्र लगेच अंधार पडत नाही, वातावरणात विखुरलेला उजेड वीस-पंचवीस मिनिटे पुरतो. दिवेलागण म्हणतात ती हीच वेळ.

परिवलनाला लागतात २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंद. तेवढ्यात पृथ्वी कक्षेतही जवळजवळ एक अंश पुढे गेलेली असते, म्हणून सूर्य पुन्हा माथ्याशी यायला आणखी चार मिनिटे लागतात आणि चोवीस तास भरतात.

हे चोवीस तासही कायमचे नाहीत. ठाण्याच्या खाडीत दिवसातून दोनदा भरती चढते. चंद्राच्या ओढीने हलणाऱ्या जगभरच्या पाण्याचे तळाशी घर्षण होते, आणि त्याने पृथ्वीचे फिरणे कणाकणाने मंदावते. शंभर वर्षांत दिवस सुमारे दोन सहस्रांश सेकंदाने लांबतो. सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या प्रवाळांच्या जीवाश्मांवर रोजच्या वाढीच्या रेघा मोजता येतात, आणि त्या एका वर्षाला ४०० च्या आसपास भरतात. वर्षाची लांबी साधारण तीच धरली, तर तेव्हाचा दिवस जेमतेम बावीस तासांचा होता.