गरोदरपणातला दमा आणि ‘सी’ हे अक्षर

दिवस गेल्याचं कळलं की दम्याचा पंप कपाटात जातो. हे किती प्रमाणात घडतं, याचा अंदाज 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासावरून येतो. गरोदर राहण्यापूर्वीच्या तुलनेत पाचव्या ते तेराव्या आठवड्यात स्टेरॉइडच्या पंपाचा वापर 23 टक्क्यांनी, तर दमा उसळल्यावर घ्यायच्या स्टेरॉइडचा वापर 54 टक्क्यांनी घटला होता. बाळाचे अवयव याच आठवड्यांत घडत असतात आणि आईची भीतीही याच आठवड्यांत सर्वांत जास्त असते. ही भीती आंधळी म्हणून झटकून टाकता येत नाही, कारण तिला इतिहास आहे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अॅड्रेनलिन, एफेड्रिन, थिओफिलिन ही दम्याची औषधं गरोदर बायकांना फारसा विचार न करता दिली जात. 1951 मध्ये कॉर्टिसोन हे स्टेरॉइड टोचलेल्या उंदरिणींना टाळू दुभंगलेली पिल्लं झाल्याचं प्रसिद्ध झालं. मग थॅलिडोमाइड हे झोपेचं औषध आलं. 1957 मध्ये पश्चिम जर्मनीत ते विक्रीला आलं, 1961 च्या अखेरीस मागे घेतलं गेलं, आणि तोवर जगभरात दहा हजारांहून जास्त बाळं हातापायांचे व्यंग घेऊन जन्मली होती. त्यानंतर औषधांच्या चाचण्यांतून गरोदर बायकांना कटाक्षाने बाहेर ठेवलं जाऊ लागलं. 1977 मध्ये तर अमेरिकेत मूल होऊ शकेल अशा वयाच्या बायकांनाच सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळण्याची सूचना निघाली. ती 1993 पर्यंत टिकली. दम्याचं आजचं रूप ज्या औषधांनी बदललं, ती याच सुमारास आली: श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या सालब्युटामॉलचा पंप 1969 मध्ये, बेक्लोमेथासोन या स्टेरॉइडचा 1972 मध्ये. गरोदरपणात ती कशी वागतात याची माहिती जमवायची सोय मात्र कुणी केली नव्हती.

या पोकळीवर 1979 मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकांनी पाच अक्षरं ठेवली: ए, बी, सी, डी आणि एक्स. आजचा बराचसा गोंधळ इथून सुरू होतो. ही अक्षरं शाळेतल्या श्रेणीसारखी दिसतात, त्यामुळे ‘सी’ म्हणजे ‘बी’पेक्षा धोकादायक असंच कुणीही समजेल. प्रत्यक्षात ‘सी’चा अर्थ असा होता की प्राण्यांत काही दोष दिसला आहे आणि माणसांतला पुरेसा अभ्यास नाही, किंवा दोन्हींचा अभ्यासच नाही. म्हणजे हे अक्षर धोक्याबद्दल कमी आणि आपल्या अज्ञानाबद्दल जास्त सांगत होतं. बहुतेक औषधं या एकाच खणात जाऊन पडली. सालब्युटामॉल तिथे गेलं, कारण त्वचेखाली टोचल्यावर उंदरांच्या पिल्लांत दुभंगलेली टाळू दिसली होती. त्याच जातीचं टर्ब्युटालिन ‘बी’त बसलं. अनेक वर्षं मार्गदर्शक पुस्तिका मात्र सालब्युटामॉललाच पहिली पसंती देत राहिल्या, कारण गरोदर बायकांतला अनुभव त्याचाच जास्त होता. पुढे 2011 मध्ये टर्ब्युटालिनच्या लेबलवर ठळक इशारा छापावा लागला. तो दम्याबद्दल नव्हता, अकाली कळा थांबवण्यासाठी ते दिवसेंदिवस देण्याबद्दल होता. तरी ‘बी’ म्हणजे निर्धास्त असं मानणाऱ्यांना तो धक्काच होता.

ऑस्ट्रेलियाने आपली वेगळी अक्षरं ठरवली होती, आणि तिथे सालब्युटामॉल ‘ए’ वर्गात आहे. तिथे ‘ए’ मिळायला अनेक गरोदर बायकांनी ते घेतलेलं असणं आणि त्यात अपाय वाढलेला न दिसणं एवढं लागतं. औषध तेच, रेणू तोच. ज्या बाईने दोन्ही देशांतली लेबलं वाचली असतील, तिने काय समजायचं?

अमेरिकन अक्षरांत स्टेरॉइडच्या पंपांपैकी ब्युडेसोनाइड एकटं वर सरकलं, तेही स्वीडनच्या जन्मनोंदींमुळे. 1995 ते 1997 या काळात तिथे आईने सुरुवातीच्या महिन्यांत ते ओढलेली 2,014 बाळं नोंदली गेली. जन्मजात दोष 3.8 टक्के निघाले. सर्वसाधारण प्रमाण 3.5 टक्के होतं. यावरून ब्युडेसोनाइडला ‘बी’ मिळालं. बाकीचे पंप वाईट ठरले म्हणून मागे राहिले नाहीत. त्यांची अशी मोजणी झाली नव्हती, एवढंच.

भीती फक्त घरात होती असंही नाही. 1999 मधल्या एका अभ्यासात दम्याच्या झटक्याने तातडीच्या विभागात आलेल्या रुग्णांची तुलना झाली. गरोदर नसलेल्या 66 टक्के बायकांना स्टेरॉइड दिलं गेलं, गरोदर बायकांपैकी 44 टक्क्यांनाच. वास्तविक प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचा बराच भाग वार (प्लासेंटा) निष्क्रिय करते आणि बाळापर्यंत साधारण दहावा हिस्सा पोचतो. आईच्या रक्तातला ऑक्सिजन उतरला, तर त्याची झळ अडवायला मात्र वारेकडे काही नसतं.

आणखी एक गोष्ट याच विभागात निसटते. गरोदरपणात प्रोजेस्टेरॉनमुळे श्वास खोल होतो आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइडचा दाब 28 ते 32 मिमी पाऱ्यापर्यंत उतरतो. धापा टाकणाऱ्या बाईच्या रिपोर्टवर 40 आकडा आला की तो छापील मर्यादेत बसतो, रिपोर्टवर लाल खूण उमटत नाही. तिच्यासाठी मात्र 40 म्हणजे छाती थकत चालल्याची खूण असते. पीक फ्लोचा, म्हणजे जोरात फुंकलेल्या श्वासाच्या वेगाचा, आकडा गरोदरपणामुळे फारसा बदलत नाही. तो घसरला तर पोटाच्या वाढीला दोष देऊन चालत नाही.

1993 आणि 2004 च्या अमेरिकन शिफारशींनी दमा आवाक्यात ठेवणं हीच बाळाची काळजी, असं स्पष्ट लिहिलं. एक तृतीयांश बायकांचा दमा सुधारतो, एक तृतीयांश बायकांचा बिघडतो, बाकीच्यांचा तसाच राहतो, हा ढोबळ हिशेब तोवर रुळला होता. कुणाच्या वाट्याला काय येणार हे आधी कळत नाही, म्हणून दर काही आठवड्यांनी तपासणी.

अमेरिकेत अक्षरं जून 2015 पासून लेबलवरून जाऊ लागली आणि त्यांच्या जागी वाक्यं आली: काय दिसलं, किती जणींत दिसलं, आजार तसाच सोडला तर काय होतं. जुन्या तक्त्यांत ‘सी’ अजून आहे.

तीव्र दम्यासाठीचं पहिलं अँटिबॉडी इंजेक्शन, ओमालिझुमॅब, अमेरिकेत 2003 मध्ये मंजूर झालं. ते घेतलेल्या गरोदर बायकांची नोंदवही 2006 मध्येच उघडली गेली आणि 2019 मध्ये तिचे आकडे छापले गेले. सुमारे 250 गरोदरपणांत मोठे जन्मजात दोष 8.1 टक्के, तर तितकाच दमा असलेल्या तुलनेच्या गटात 8.9 टक्के. सालब्युटामॉल बाजारात आलं तेव्हा त्याच्यासाठी अशी वही कुणी उघडली नव्हती.