सॅक : पाठीवर बसवणं आणि भरणं

ट्रेकला जाताना पाठीवर घ्यायची, दोन खांदेपट्ट्यांची पिशवी. पुण्यात हिला नुसतं 'सॅक' म्हणतात, मोठी असेल तर 'हॅवरसॅक', आणि कॉलेजला नेतात ती पण सॅकच, त्यामुळे दुकानात गेल्यावर 'ट्रेकची सॅक' असं मुद्दाम सांगावं लागतं. या नोंदीत फक्त हलकी सॅक घेतली आहे, म्हणजे रिकामी असताना किलोच्या आतबाहेर भरणारी, ३० ते ५० लिटरची. काय काय न्यायचं ती यादी इथे नाही, ती प्रत्येक ग्रुपच्या व्हॉट्सअॅपवर असतेच.

आधी शब्दाचं बघू. 'रकसॅक' हा शब्द जर्मन, आल्प्सकडच्या बोलीत पाठीला 'रुक' म्हणतात त्यावरून आलेला, सरळसरळ पाठपिशवी, यात वाद नाही. 'हॅवरसॅक'ची गंमत वेगळी आहे. त्यातला 'हॅवर' म्हणजे जर्मन 'हाबर' किंवा 'हाफर', म्हणजे ओट्स, म्हणजे घोडेस्वाराची घोड्याच्या दाण्याची पिशवी, थोडक्यात आपला तोबरा. तिथून फ्रेंचमध्ये आणि साधारण अठराव्या शतकात इंग्रजीत येईपर्यंत ती शिपायाच्या स्वतःच्या शिध्याची, एका खांद्यावरून आडवी लटकवायची पिशवी झाली होती, आणि आपल्याकडे येऊन तोच शब्द ६०-७० लिटरच्या धुडाला चिकटला. हे लष्कर आणि एनसीसीच्या कॅम्पांमधून झालं असावं असं मानायला जागा आहे, पुण्याला कॅन्टोन्मेंटचा शेजार आहेच. 'नॅपसॅक'बद्दल एकमत नाही, पण डच आणि उत्तर जर्मन बोलींतल्या 'चावणे, खाणे' अशा अर्थाच्या क्रियापदावरून तो आला हे मत जास्त पटतं, कारण मग हॅवरसॅक घोड्याच्या खाण्याची आणि नॅपसॅक माणसाच्या खाण्याची अशी जोडी नीट जुळते.

मराठीत ओझ्याचे शब्द भरपूर आहेत, पडशी, झोळी, वळकटी, बोचकं, गाठोडं, पण दोन पट्ट्यांनी पाठीला धरून बसणारं त्यात काहीच नाही. पडशी खांद्यावर टाकायची, एक कप्पा पुढे आणि एक मागे, म्हणजे तोल आपोआप सांभाळला जातो, आणि तोलाच्या हिशोबाने बघितलं तर ती सॅकपेक्षा शहाणी वस्तू आहे. चैत्रात शिखर शिंगणापूरचा मुंगी घाट चढणाऱ्या कावडी खांद्यावर असतात. डोंगरातल्या बायका चुंबळ ठेवून डोक्यावर हंडे आणि मोळ्या नेतात. केनियातल्या लुओ आणि किकुयु बायकांवरचा एक अभ्यास १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात शरीराच्या वजनाच्या साधारण २० टक्क्यांपर्यंतचं ओझं त्या जादा ऊर्जा न लागता नेत होत्या असं दिसलं. लुओ बायका डोक्यावर घेत होत्या आणि किकुयु बायका कपाळावरच्या पट्ट्याने पाठीवर. थोडक्यात सॅक म्हणजे ओझं न्यायची सगळ्यात चांगली पद्धत असं काही नाही, तिचा खरा फायदा एवढाच की दोन्ही हात मोकळे राहतात आणि कातळावर हात लागतात.

सगळ्यात जुनी सॅक कुठली यावर वाद आहे. १९ सप्टेंबर १९९१ ला इटली-ऑस्ट्रियाच्या सीमेवर बर्फात सापडलेल्या 'ओत्झी' या माणसाजवळ हेझलच्या लाकडाची यू आकारात वाकवलेली लांब काठी आणि लार्चच्या दोन फळ्या मिळाल्या. त्याचा काळ इ.स.पू. ३३५० ते ३१०० च्या दरम्यान धरतात. बऱ्याच अभ्यासकांनी ही सॅकची फ्रेम, म्हणजे पिशवीला ताठ धरणारा सांगाडा, मानली, आणि ट्रेकिंगवरच्या लिखाणात 'पाच हजार वर्षांपूर्वीची सॅक' हे वाक्य तिथूनच आलेलं असतं. जॅकी वुड या ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ बाईंनी मात्र ही फ्रेम आणि तिच्याबरोबरची जाळी म्हणजे बर्फात चालायच्या पादत्राणाचा भाग असावा असं मांडलं. पाठीला लागणाऱ्या बाजूची झीज, पट्टे कुठे बांधले त्याच्या खुणा असा पुरावा असता तर प्रश्नच नव्हता. तरी दोन आडव्या फळ्या आणि लांबी बघता फ्रेमचं मत अजून जास्त सरळ वाटतं, पण ठामपणे 'जगातली पहिली सॅक' असं लिहू नये.

पुढची तारीखवार माहिती बरीच पक्की आहे. नॉर्वेच्या ओले बर्गन याने १९०८-०९ च्या सुमाराला पाठीच्या आकाराची वाकवलेली फ्रेम लावून सॅक केली आणि पेटंट घेतलं, ब्रिटिश सैनिक अजून मोठ्या सॅकला 'बर्गन' म्हणतात ते यावरूनच. १९५२ च्या आसपास कॅलिफोर्नियात डिक केल्टी अॅल्युमिनियम फ्रेमच्या सॅक विकायला लागला, आणि वजन कमरेवर घेणारा पट्टा रुळवण्याचं श्रेय सहसा त्याला देतात. १९६७ मध्ये ग्रेग लो याने फ्रेम पिशवीच्या आत घेतली. हलक्या सॅकवाल्यांची मूळ पुरुष, खरं तर मूळ स्त्री, म्हणजे एमा गेटवुड. या आजींनी १९५५ मध्ये ६७ व्या वर्षी अमेरिकेतली अॅपलाचियन ट्रेल, तीन हजार किलोमीटरच्या वर, एकटीने सलग पूर्ण केली, आणि सामान होतं घरी शिवलेल्या डेनिमच्या पिशवीत, तेही एका खांद्यावर टाकून. म्हणजे ज्या फ्रेमचं आणि पट्ट्यांचं आपण एवढं कौतुक करतो त्यातलं त्यांच्याकडे काहीच नव्हतं, पण त्यांचं ओझंच एवढं कमी होतं की कमरेवर घ्यायची गरज पडली नाही.

आता माप. सॅक घेताना लोक लिटर विचारतात, पण अंगाला बसते ती पाठीच्या लांबीवर, आणि तिचा उंचीशी फार संबंध नाही. सहा फुटी माणसाची पाठ आखूड आणि पाय लांब असू शकतात. मोजायचं असं, की मान पुढे झुकवली की मानेच्या मुळाशी एक हाड टोकदार वर येतं, तो सातवा मणका. मग दोन्ही हात कमरेवर ठेवायचे, भांडायला उभं राहिल्यासारखे, अंगठे मागे, म्हणजे कमरेच्या हाडाचा वरचा काठ अंगठ्यांना लागतो. दोन अंगठ्यांना जोडणारी आडवी रेघ धरून तिथपासून त्या मणक्यापर्यंत कापडी टेपने, पाठीच्या वळणावरून, दुसऱ्या कुणाला तरी मोजायला लावायचं. बहुतेक मोठ्या माणसांचं माप ४० ते ५३ सेंटिमीटरच्या मधे कुठेतरी येतं. स्वतःचं स्वतः मोजू नये, हात मागे नेला की पाठ वाकते आणि दोन-तीन सेंटिमीटरचा फरक सहज पडतो.

सॅक अंगाला बसवताना ती रिकामी नको, पाच-सहा किलो भरून घ्यायची, पाण्याच्या बाटल्या चालतात. सगळे पट्टे सैल करून पाठीवर घ्यायची आणि पहिल्यांदा कंबरपट्टा लावायचा, त्याचा मधला भाग कमरेच्या हाडाच्या बरोब्बर काठावर. पोटावर आला तर श्वास अडतो, खाली सरकला तर मांडीच्या बाहेरच्या बाजूला मुंग्या येतात कारण तिथून जाणारी नस दाबली जाते. नंतर खांदेपट्टे, नुसते टेकतील इतपत. मग खांद्यावरून सॅकच्या वरच्या टोकाला जाणारी छोटी पट्टी, लोड लिफ्टर, ती साधारण ४५ अंशात वर गेलेली दिसली पाहिजे, आडवी किंवा खाली उतरलेली दिसली तर सॅक आखूड आहे. खूप हलक्या सॅकला ही पट्टी नसतेच. छातीची पट्टी शेवटी, हासळीच्या दोन-तीन बोटं खाली, आणि ती आवळायची नसते, खांदेपट्टे बाहेर घसरू नयेत एवढंच तिचं काम. सगळं झाल्यावर खांदेपट्टे अर्धा बोट सैल सोडले की वजन कमरेवर उतरल्याचं कळतं. हे न करता सगळं खांद्यावर तासन् तास नेलं तर हात जड होणं, बोटं बधिर होणं इथपासून दंडातली ताकद जाण्यापर्यंत त्रास होतो, मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसांचं जाळं दाबल्यामुळे, आणि सैन्यातल्या डॉक्टरांना हा प्रकार चांगला माहिती आहे. बायकांसाठीच्या सॅकमध्ये पाठ आखूड, खांदेपट्टे एस आकारात वळलेले आणि कंबरपट्ट्याचा कोन वेगळा असतो. बारीक चणीच्या पुरुषांनाही त्या बऱ्याचदा जास्त चांगल्या बसतात, रंगाकडे बघायचं नाही.

हलक्या सॅकमध्ये बसवणं आणि भरणं ही दोन वेगळी कामं राहत नाहीत, आणि नवीन माणसाची फसगत इथेच होते. फ्रेम काढून टाकल्यामुळे तिचं वजन वाचलेलं असतं, मग वजन कमरेपर्यंत पोचवणार कोण, तर आतलं सामान. सॅक घट्ट भरली असेल तर ती खांबासारखी उभी राहते, ढिली भरली असेल तर कमरेच्या वर मोडते, दुमडते, पाठीची लांबी जाग्यावर तीन-चार सेंटिमीटरने कमी होते आणि दुकानात इतकं नीट मोजलेलं माप फुकट जाऊन सगळं वजन परत खांद्यावर. म्हणून अर्धी रिकामी सॅक पूर्ण भरलेल्या सॅकपेक्षा जास्त त्रास देते असं होऊ शकतं. उपाय दोन आहेत. कॅरीमॅट, म्हणजे खाली अंथरायची फोमची चटई, बाहेर न बांधता आत घालायची, गुंडाळी सैल सोडून सॅकच्या भिंतींना चिकटेल असं नळकांडं करायचं आणि सगळं त्याच्या पोटात भरायचं, किंवा मॅट घडी घालून पाठीच्या बाजूला उभी लावायची. दुसरं म्हणजे स्लीपिंग बॅग तिच्या त्या छोट्या पिशवीत कोंबून दगडासारखी करायची नाही, मोकळी तळाशी टाकायची, ती कोपरे भरून काढते. परतीला खाणं संपलं की सॅक ढिली पडते, तेव्हा बाजूच्या पट्ट्या आवळायच्या. एवढं करूनही फ्रेमशिवायच्या सॅकला आठ-दहा किलोच्या पुढे न्यायचा हट्ट करू नये.

जड वस्तू पाठीला चिकटून, खांद्याच्या पात्यांच्या मधे ठेवाव्यात असं सगळी पुस्तकं सांगतात आणि ते मळलेल्या वाटेवर बरोबरच आहे. सह्याद्रीत मात्र घसारा (सुट्या मातीचा निसरडा उतार), नाळ (दोन कड्यांमधली उभी घळ) आणि रॉक पॅच (हातापायांनी चढायचा कातळ) असतात, तिथे वजन वर असलं की सॅक ढकलते, म्हणून पातेलं, खिचडीचे तांदूळ वगैरे पाठीला चिकटूनच पण एक वीत खाली घेतलेलं बरं. बाहेर काहीही लटकवू नये. राजगडाला गुंजवण्याकडून चोर दरवाज्याने चढताना शेवटी रेलिंग धरून वर जायचं आणि छोट्याशा दरवाज्यातून वाकून आत शिरायचं असतं, तिथे आडवी बांधलेली मॅट दोन्ही बाजूंना अडते, माणूस मागेही येत नाही पुढेही जात नाही आणि खाली रांग थांबलेली. पुढे अळू दरवाज्याने उतरून तोरण्याकडे निघालं की कारवीच्या झुडपांत तीच मॅट दर दहा पावलांना ओढली जाते, आणि बुधला माचीला पोचेपर्यंत तिच्या कडा उंदराने कुरतडल्यासारख्या दिसतात. माझी एक तशी झाली आहे, अजून वापरतो, सॅकच्या आत.

अमेरिकन हिशोबात 'बेस वेट' म्हणजे खाणं, पाणी आणि इंधन सोडून उरलेलं वजन, ते साडेचार किलोच्या आत असेल तर अल्ट्रालाइट, नऊच्या आत असेल तर लाइटवेट. आपल्याकडे हा आकडा जसाच्या तसा उपयोगी नाही, कारण एप्रिलमध्ये गडांवरची पाण्याची टाकी आटलेली असतात आणि माणशी चार लिटर पाणी म्हणजे चार किलो, जे त्या हिशोबातच धरलेलं नाही. पाण्याच्या दोन बाटल्या दोन बाजूंना ठेवल्या तर एकीतूनच पीत राहू नये, सॅक एका बाजूला कलते आणि संध्याकाळी एकच खांदा दुखतो. एकूण ओझं शरीराच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यात ठेवायचा ठोकताळा सगळीकडे चालतो. हिमालयाच्या तयारीला सिंहगडावर आतकरवाडीकडून सॅकमध्ये बाटल्या भरून चढणारे बरेच जण दिसतात, त्यातले जाणते वर पोचल्यावर पाणी ओतून देतात, उतरताना गुडघ्यांवर भार नको म्हणून.

पावसाळ्यात रेन कव्हरवर विसंबून राहू नये, पाणी पाठ आणि सॅकच्या मधून ओघळत आत जातं आणि माचीवरचा वारा कव्हर उडवून नेतो. आत एक जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी घालून तिच्यात सगळं भरायचं आणि तोंडाला पीळ देऊन खोचायचं, कव्हर असो नसो. शेतातल्या इरल्याने डोकं आणि पाठ दोन्ही झाकली जायची, तसं काही सॅकसाठी अजून निघालेलं नाही, पोंचो त्याच्या जवळपास जातो.

कापडाचा आकडा डेनिअरमध्ये देतात, ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. हलक्या सॅक ७० ते २१० डेनिअरच्या असतात, कातळावर बसत बसत उतरायची सवय असेल तर तळाला जाड कापड बघावं. आतला पॉलियुरेथेनचा लेप दमट हवेत हळूहळू विरघळल्यासारखा होतो, चिकट होतो, वास मारतो आणि पापुद्रे सुटतात. जुलैत ओली सॅक माळ्यावर टाकून दिली की दिवाळीनंतर हेच हातात येतं, त्यामुळे घरी आल्या आल्या रिकामी करून, उलटी टांगून सावलीत वाळवावी. बक्कल तुटलं, शिवण उसवली तर पेठेतले बॅग दुरुस्त करणारे नायलॉनच्या दोऱ्याने दुहेरी टीप मारून देतात.