बिघाडाचा पेपर: सीसीएनपी प्रशिक्षणाची पार्श्वभूमी

सीसीएनपी म्हणजे सिस्को कंपनीचं नेटवर्क अभियंत्यांसाठीचं मधल्या पातळीचं प्रमाणपत्र. त्याचा वर्ग पेपरच्या, म्हणजे परीक्षेच्या, मागे चालतो. पेपर बदलला की वेळापत्रक बदलतं, लॅबमधली उपकरणं बदलतात, आणि जो विषय पेपरातून उतरला तो हळूहळू वर्गातूनही उतरतो. बिघाड शोधण्याचा स्वतंत्र पेपर असा दोनदा उतरला आहे, २००६ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये.

सिस्कोच्या प्रमाणपत्रांच्या जिन्याची सर्वांत वरची पायरी आधी बांधली गेली. सीसीआयई १९९३ मध्ये आली. तिच्याखालच्या पायाभूत सीसीएनए आणि मधली सीसीएनपी १९९८ मध्ये. सीसीआयईची लॅब, म्हणजे उपकरणांवरची प्रत्यक्ष परीक्षा, २००१ पर्यंत दोन दिवसांची असे आणि दुसऱ्या दिवशी उमेदवाराला मोडून ठेवलेलं नेटवर्क दुरुस्त करावं लागे. त्यामुळे सीसीएनपीच्या पहिल्या चार पेपरांत राउटिंग, स्विचिंग आणि रिमोट ॲक्सेसच्या जोडीला चौथा पेपर बिघाडाचा असणं साहजिकच होतं. आयपीएक्स, ॲपलटॉक, आयएसडीएन हे तेव्हाचे विषय आता कुणाला आठवतही नाहीत. २००६ च्या फेरबदलात रिमोट ॲक्सेस आणि बिघाड हे दोन्ही पेपर गेले. त्यांच्या जागी एकीकडे एमपीएलएस, व्हीपीएन, सुरक्षा आणि दुसरीकडे क्यूओएस, व्हॉइस, वायरलेस असे दोन जाडजूड गठ्ठे आले.

त्या काळातल्या लॅबबद्दल थोडं सांगायला हवं, कारण बिघाड शिकण्याचा निम्मा भाग तिथे आपोआप होत असे. जुने राउटर समोरासमोर सीरियल केबलने जोडायचे. केबलच्या डीसीई टोकाच्या, म्हणजे डेटाचा ताल ठरवणाऱ्या टोकाच्या, इंटरफेसवर क्लॉक रेट (उदाहरणार्थ ६४०००) दिला नाही तर लिंक उठायची नाही. डीसीई टोक कुठलं, हे ‘शो कंट्रोलर्स सीरियल’ चालवल्याशिवाय किंवा केबलवरचा ठसा वाचल्याशिवाय कळत नसे. २००५ मध्ये राउटरची नक्कल करणारं डायनामिप्स हे सॉफ्टवेअर आलं आणि आयओएस ही राउटरची खरी सिस्को प्रणाली साध्या संगणकावर चालू लागली. आयडल-पीसी, म्हणजे राउटर रिकामा असताना प्रोसेसरला विश्रांती देणारं मूल्य, नीट बसवलं नाही तर एकच राउटर अख्खा प्रोसेसर खाऊन टाकी, पण केबलचा त्रास संपला. स्विचची अडचण मात्र राहिली. स्विचमधलं फॉरवर्डिंग खास चिपमध्ये होतं आणि त्या चिपची नक्कल डायनामिप्सला जमत नव्हती. राउटरमध्ये १६ पोर्टचं स्विच मॉड्यूल बसवल्याचं भासवून काम भागवलं जाई, पण त्यात अर्ध्या कमांड वेगळ्या असत. स्विचिंगसाठी खरी उपकरणं ठेवण्याची रीत म्हणूनच बरीच वर्षं टिकली.

२०१० मध्ये चारचे तीन पेपर झाले: राउट, स्विच आणि टीशूट (ट्रबलशूट, म्हणजे बिघाड शोधणं). बिघाड परत आला, तोही वेगळ्या रूपात. चार राउटर, दोन डिस्ट्रिब्युशन (मधल्या थराचे) स्विच आणि दोन ॲक्सेस (संगणक जोडायचे) स्विच यांचं एकच नेटवर्क होतं आणि त्याचा नकाशा परीक्षेआधीच सर्वांना उपलब्ध होता. प्रत्येक तिकिटात, म्हणजे बिघाडाच्या प्रश्नात, तक्रार जवळपास तीच: क्लायंटवरून (वापरकर्त्याच्या संगणकावरून) वेब सर्व्हरपर्यंत पिंग, म्हणजे पोच तपासणारा संदेश, जात नाही. उमेदवाराने काही दुरुस्त करायचं नव्हतं. फक्त तीन उत्तरं द्यायची: बिघाड कुठल्या उपकरणावर आहे, कुठल्या तंत्रात आहे आणि उपाय काय.

या पेपरने वर्गाला एक शिस्त लावली. आधी क्लायंटचा पत्ता पाहायचा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर डीएचसीपी या पत्ते वाटणाऱ्या सेवेकडून पत्ता मिळालेलाच नाही, म्हणजे आधी ॲक्सेस स्विचवर पोर्टचं व्हीलॅन (स्विचवरचा आभासी विभाग), पोर्ट सिक्युरिटी, ट्रंक (अनेक व्हीलॅन वाहणारी जोडणी) तपासायचे आणि मग वर रिले, म्हणजे पत्त्याची मागणी पुढे पोचवणारी सेटिंग. पत्ता बरोबर असेल तर गेटवेला (नेटवर्कबाहेर नेणाऱ्या पहिल्या टप्प्याला) पिंग, मग पुढच्या राउटरला, मग त्याच्या पुढच्याला. पिंग जिथे थांबतो त्या टप्प्याच्या दोन्ही बाजू तपासायच्या. परतीच्या वाटेवरचा रूट हरवला असला तरी पिंग तिथेच अडतो. पहिल्याच मिनिटाला ‘शो रन’, म्हणजे उपकरणाचं पूर्ण कॉन्फिगरेशन, उघडून ओळी वाचत बसणं ही सर्वांत महागात पडणारी सवय होती. त्याच पेपरची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. नकाशा ठरलेला आणि तिकिटांचा साठा मर्यादित, म्हणून काही वर्षांत तिकिटं फुटली. चार पिंगांत तिकीट ओळखून पाठ उत्तर देणारे उमेदवार तयार झाले. पेपर बंद करण्यामागे तथ्य नव्हतं असं म्हणता येणार नाही.

२४ फेब्रुवारी २०२० रोजी सगळी मांडणी बदलली. आता १२० मिनिटांचा एक कोअर पेपर, एनकोर, आणि त्याच्या जोडीला आवडीचा एक ९० मिनिटांचा पेपर. सीसीएनए आधी हवीच ही अट गेली. तोच कोअर पेपर सीसीआयईच्या आठ तासांच्या लॅबचं दारही झाला. एनकोरमध्ये इन्फ्रास्ट्रक्चरला ३० टक्के, सुरक्षेला २०, आर्किटेक्चर आणि ऑटोमेशनला प्रत्येकी १५, व्हर्च्युअलायझेशन आणि नेटवर्क अश्युरन्सला प्रत्येकी १० टक्के असं वजन ठरलं.

बिघाडाचं काय झालं, याचं उत्तर अभ्यासक्रमाच्या क्रियापदांत सापडतं, आणि गोंधळही तिथेच आहे. प्रत्येक मुद्द्याआधी एक क्रियापद असतं: ‘डिस्क्राइब’, ‘कम्पेअर’, ‘कॉन्फिगर अँड व्हेरिफाय’, ‘ट्रबलशूट’. एनकोरच्या पहिल्या आवृत्तीत ट्रंक आणि इथरचॅनेलपुढे (अनेक लिंकांची एक जोडणी) ‘ट्रबलशूट’ होतं. स्विचमधली वेटोळी टाळणाऱ्या स्पॅनिंग ट्रीपुढे ‘कॉन्फिगर अँड व्हेरिफाय’. ईआयजीआरपी या राउटिंग प्रोटोकॉलच्या वाट्याला ओएसपीएफ या दुसऱ्या प्रोटोकॉलशी तुलना एवढंच. ‘ट्रबलशूट’ खऱ्या अर्थाने भरून आहे ते एनार्सी या प्रगत राउटिंगच्या पेपरात, आणि तो तर ऐच्छिक! दुसरा ऐच्छिक पेपर घेणारा उमेदवार रीडिस्ट्रिब्युशनचं (एका प्रोटोकॉलमधले रूट दुसऱ्यात देण्याचं) एकही वेटोळं न सोडवता तेच प्रमाणपत्र मिळवतो. समर्थकांचं म्हणणं असं की बिघाड हा वेगळा विषय नसून प्रत्येक विषयाचा शेवटचा धडा आहे. कागदावर ते पटतं. वर्गात मात्र शेवटचा धडा हाच वेळ संपल्यावर पहिल्यांदा गळतो.

‘व्हेरिफाय’ आणि ‘ट्रबलशूट’ यांतलं अंतर एका उदाहरणात दिसतं. दोन राउटरमध्ये ओएसपीएफ आहे. एका बाजूला आयपी एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार, बाइटमध्ये) १५००, दुसरीकडे कुणीतरी १४०० केला आहे. हॅलो पॅकेट लहान असतात, ते दोन्हीकडे पोचतात आणि राउटर एकमेकांना ओळखतात. पुढे डेटाबेसचा गोषवारा पाठवताना प्रत्येक जण त्यात आपला एमटीयू लिहितो. १४०० वाला आपल्यापेक्षा मोठा आकडा पाहून ते पॅकेट टाकून देतो. मग ‘शो आयपी ओएसपीएफ नेबर’मध्ये स्थिती एक्सस्टार्ट किंवा एक्सचेंज या मधल्या टप्प्यांवर अडकलेली दिसते, थोड्या वेळाने जास्त वेळा फेरपाठवणी झाल्याच्या कारणाने नेबर पडतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. ज्याने फक्त ‘व्हेरिफाय’ केलं आहे तो फुल, म्हणजे जोडणी पूर्ण झालेली, स्थिती कशी दिसते हे जाणतो. एक्सस्टार्टवर अडकणं म्हणजे बहुधा एमटीयू, हे त्याने पाहिलेलं नसतं. एमटीयूची तुलना टाळणारी ‘आयपी ओएसपीएफ एमटीयू-इग्नोर’ ही कमांड टाकली की लक्षण जातं. लिंकच जर मोठी पॅकेट वाहत नसेल तर दोष तसाच राहतो आणि पुढे भरलेली अपडेट पॅकेट वाटेत गळतात.

स्विचिंगकडचं असंच एक जुनं दुखणं म्हणजे ट्रंकवर ‘स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ३०’ लिहिणं. मध्ये ‘ॲड’ हा शब्द लिहायचा विसरला की ३० ची भर पडत नाही, आधीची यादीच पुसली जाते. मॅनेजमेंट व्हीलॅन (ज्यावरून स्विच दुरून हाताळतात ते) त्या पुसलेल्या यादीत असेल तर पुढच्या क्षणी स्वतःचं सेशनही तुटतं. कमांड चूक नसल्याने स्विच तक्रार करत नाही.

२०२० नंतर नव्या परीक्षांमध्ये लॅबचे प्रश्न काही काळ नव्हते. पुढे ते परत आले, तरी बिघाडाचा स्वतंत्र पेपर आला नाही. प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षं, नूतनीकरण पुन्हा परीक्षा देऊन किंवा सततच्या शिक्षणाचे ८० क्रेडिट जमवून. यांपैकी कशातही मोडलेलं नेटवर्क उभं करण्याची सक्ती नाही. म्हणून जे वर्ग बिघाड अजून शिकवतात ते स्वतःच्या हिशेबाने: चालू लॅब जतन करायची, प्रतीत एकच दोष घालायचा, उमेदवाराला फक्त तक्रार द्यायची आणि पहिली काही मिनिटं ‘शो रन’ला बंदी. दोन दोष एकत्र घालायचे ते एकेक दोष सुटायला लागल्यावरच, कारण पहिला दुरुस्त करूनही पिंग जात नाही म्हटल्यावर उमेदवार बरोबर केलेला बदल परत फिरवून टाकतो.