समोरासमोर धडक: एफआयआर वेगळा, घटनास्थळ पंचनामा वेगळा

मांजरसुंबा-केज-अंबाजोगाई रस्त्यावर किंवा लातूर-नांदेड मार्गावर जीप आणि ट्रकची समोरासमोर धडक होते, घरातला कर्ता माणूस जागीच जातो. पुढे विमावाले म्हणतात, ‘पोलिसांचे कागद आणा.’ घरातलं कुणीतरी ठाण्यातून एफआयआरची प्रत आणतं आणि जाणती माणसं सांगतात, ‘एफआयआर मिळाला ना, मग झालं.’ तेवढ्यानं होत नाही. अशा अपघातात खरा वाद चूक कुणाची हा असतो, आणि त्याचं उत्तर बहुतेक वेळा दुसऱ्याच कागदात, घटनास्थळ पंचनाम्यात असतं.

एफआयआर म्हणजे ठाणे अंमलदाराला मिळालेली पहिली खबर. 1 जुलै 2024 पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 खाली नोंदवतात. निष्काळजीपणाने मृत्यूचं कलम आता भारतीय न्याय संहितेचं 106(1). खबर देणारा घटनास्थळी होताच असं नाही. कधी तो दवाखान्यातून फोन आल्यावर धावत आलेला भाऊ असतो, कधी समोरच्या गाडीतला वाचलेला माणूस. गेलेला माणूस आपली बाजू सांगू शकत नाही, म्हणून कधीकधी मयत चालकच आरोपी म्हणून लिहिला जातो. ते वाचून घरच्यांचे हातपाय गळतात. पण ती नुसती खबर आहे, निकाल नव्हे. उशिरा नोंदवली एवढ्यावरून भरपाईचा दावा खोटा ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्येच सांगितलं आहे.

पंचनाम्यात मात्र रस्ता बोलतो. तपासी अंमलदार दोन पंचांसमक्ष जे दिसतं ते लिहून घेतो: डांबरी रस्त्याची रुंदी, मधला पांढरा पट्टा, चाकं घासल्याच्या खुणा, काचांचा खच कुठल्या बाजूला, कुठल्या गाडीचा कुठला कोपरा चेपला. ‘ट्रकचे पुढील उजवे चाक पांढऱ्या पट्ट्याच्या पलीकडे चार फूट’ अशी एक ओळ असली, तर कोण कुणाच्या बाजूला घुसलं याचा मोठा पुरावा हाती येतो. ती नसली की विमा कंपनीचा वकील ‘दोघांचीही चूक’ म्हणतो, आणि ते मान्य झालं तर मयत चालकाच्या चुकीच्या वाट्याएवढी रक्कम भरपाईतून कापली जाते. (मयत नुसता प्रवासी असेल तर ही कपात त्याला लागत नाही, दोन्ही गाड्यांपैकी कुणाकडूनही पूर्ण भरपाई मागता येते.)

म्हणून पंचनाम्याची काळजी पहिल्याच दिवशी घ्यावी. वाहतूक मोकळी करायला क्रेन गाड्या बाजूला ओढते आणि खुणा पुसल्या जातात. गावातलं कुणी आधी पोचलं असेल तर त्यानं जखमींना हलवल्यावर मधला पट्टा आणि दोन्ही गाड्या एकाच चौकटीत येतील असे फोटो काढावेत. दुःखात हे सुचत नाही, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी करावं.

मिळवण्याचे रस्तेही वेगळे. एफआयआरची प्रत खबर देणाऱ्याला किंवा पीडिताला मोफत मिळते. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावरही सापडते. पंचनामा तपासाच्या कागदांत असतो. तो दोषारोपपत्रासोबत न्यायालयात जातो, तिथून नक्कल मिळते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 159 प्रमाणे पोलिसांनी अपघाताची माहिती तीन महिन्यांत दावा न्यायाधिकरणाकडे (भरपाईचे दावे ऐकणाऱ्या न्यायालयाकडे) पाठवायची असते. त्यासाठी ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. आरोपी म्हणून दाखवलेला चालकच मयत असेल तर त्याच्यावरचा फौजदारी खटला संपतो, भरपाईचा दावा संपत नाही.

दवाखान्यात मृत्यू झाल्यावर आधी ‘एडी’, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद होते. ती नोंद म्हणजे एफआयआर नव्हे. तिचा नंबर हाती असला तरी गुन्हा रजिस्टर नंबर, म्हणजे एफआयआरचा नंबर, वेगळा मागून घ्या. आणि दावा दाखल करायची कायद्यातली मुदत अपघातापासून सहा महिन्यांची आहे, त्यामुळे पंचनाम्याची वाट बघत वकिलाकडे जाणं लांबवू नका. उरलेले कागद नंतरही जोडता येतात.